आउटबोर्ड: फॉरवर्ड गिअर सुटतो, न्यूट्रलला होडी मागे सरकते. गिअरबॉक्स उघडू का?

उथळपाणी (रविवार, रात्री ९.४०)
मंडळी, नमस्कार. दोन वर्षं नुसता वाचतोय, आज अडला हरी म्हणून लिहितोय.

माझ्याकडे १५ घोड्यांचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागे अडकवायची मोटर) आहे, दोन सिलिंडरचं. मेक-मॉडेल विचारू नका. झाकण भलत्याच मोटरचं बसवलेलं आहे आणि नंबरप्लेटवर आधीच्या मालकाने तीन वेळा रंग फासलाय. टिलरवालं आहे (वळवायचा दांडा मोटरलाच), गिअरचा दांडा बाजूला.

तक्रार अशी. फॉरवर्ड टाकला की लागतो, होडी निघते. अर्ध्याच्या वर रेस दिली की खाड्‌कन आवाज येऊन गिअर सुटतो. इंजिन बोंबलतं, परत लागतो, परत सुटतो. दांडा जागचा हलत नाही, म्हणजे वर सगळं आलबेल, खाली बोंब. रिव्हर्स मात्र एकदम झकास. आणि न्यूट्रलला असताना होडी मागे सरकते. अगदी किंचित, पण सरकते.

गिअरबॉक्स मी कधी उघडलेला नाही. उघडावाच लागेल का, की आधी बाहेरून काही बघता येईल?

पानाबारा (रविवार, रात्री ९.५२)
डॉग झिजलेत. उघडा.

स्पष्टवक्ता (रविवार, रात्री १०.०५)
शंभर टक्के गिअर केबल. आतली तार गंजून फुगते, बाहेरचं कवच ताणलं जातं, मग दांडा पूर्ण गेला तरी खाली अर्धाच गिअर पडतो. तेल-ग्रीस सोडून उपयोग नाही, केबल बदला. माझा पूर्ण दिवस यात गेलाय.

निवांत (रविवार, रात्री १०.११)
स्पष्टवक्ता, टिलरवालं आहे हो. केबल नाहीये.

स्पष्टवक्ता (रविवार, रात्री १०.१४)
केबल नसली तरी तपासायला काय हरकत आहे?

निवांत (रविवार, रात्री १०.१५)
😂😂 जपून ठेवण्यासारखं वाक्य.

चौकस (रविवार, रात्री १०.३०)
एक भाबडा प्रश्न. "डॉग" म्हणजे काय? गिअरबॉक्समध्ये कुत्रा कुठून आला?

पानाबारा (रविवार, रात्री १०.३३)
चावून धरतो तो कुत्रा. उथळपाणींचा म्हातारा झालाय, दात पडलेत. तोंडात धरतो आणि सोडतो.

सुकाणू (रविवार, रात्री ११.२०)
चौकस, पानाबारांनी थट्टेत सांगितलंय पण खरं तेच आहे. जरा सविस्तर लिहितो, म्हणजे पुढची चर्चा हवेत राहणार नाही.

आउटबोर्डमध्ये मोटारगाडीसारखा पायाने दाबायचा क्लच नसतो. इंजिनातून उभा शाफ्ट खाली येतो, त्याच्या टोकाला पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक. हा पिनियन दोन गिअरचाकांमध्ये कायम अडकलेला असतो, एक पुढचं, एक मागचं. इंजिन चालू आहे तोवर ही दोन्ही चाकं फिरतच असतात, आणि एकमेकांच्या उलट दिशेने. दात कधी सुटत नाहीत, कधी नव्याने जुळत नाहीत. पंख्याचा (प्रोपेलरचा) आडवा शाफ्ट या दोघांच्या पोटातून गेलेला, पण त्यांच्याशी सोयरसुतक नाही.

मधोमध, त्या शाफ्टच्या खाचांवर पुढेमागे सरकणारी एक जाड कडी असते. तिच्या दोन्ही तोंडांना चौकोनी खुंट्या. हा डॉग क्लच. दांडा पुढे टाकला की कडी पुढे सरकते, तिच्या खुंट्या पुढच्या चाकाच्या खुंट्यांमध्ये जाऊन बसतात आणि पंखा फिरू लागतो. मागे टाकला की मागच्या चाकात. मधे असली की कुठेच नाही, तो न्यूट्रल.

आता खुंट्यांचे कोपरे झिजून गोल झाले तर जोर पडल्यावर त्या एकमेकींवरून घसरतात. खाड्‌कन आवाज तोच. पण कोपरे शाबूत असूनही कडी पूर्ण आत शिरतच नसेल, नुसत्या टोकावर धरत असेल, तरी हाच आवाज येतो, हेच लक्षण दिसतं. तेव्हा पानाबारा, "उघडा" म्हणायची एवढी घाई नको.

पानाबारा (रविवार, रात्री ११.२८)
बरं बुवा. पण शेवटी उघडावा लागणारच, लिहून घ्या.

हलकंफुलकं (सोमवार, सकाळी ७.१५)
पंख्याचं रबर बघितलं का? पंख्याच्या मधल्या नळीभोवती रबराचा बुश असतो, तो सुटला की इंजिन ओरडतं आणि होडी जागेवर. आम्ही एकदा गिअरबॉक्स सगळा उघडून स्वच्छ पुसून परत लावला आणि मग कळलं की रबर घसरतंय. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

तपासायला सोपं आहे. पंखा काढा, मागून मधल्या नळीपासून पंख्याच्या अंगापर्यंत पक्क्या मार्करने एक सरळ रेघ मारा. चालवून या. रेघ तुटली तर रबर गेलं. फार जुनं मॉडेल असेल तर रबराऐवजी शिअर पिन (जोर आला की मुद्दाम तुटणारी पिन) असते, पण ती तुटली तर गिअर कुठलाच लागत नाही, सुटण्याचा प्रश्नच येत नाही.

भरतीओहोटी (सोमवार, सकाळी ९.०२)
हलकंफुलकं, रबर घसरतं तेव्हा खाड्‌कन वाजत नाही. गुळगुळीत घसरतं, नुसती रेस चढते. इथे ठोके आहेत. पण रेघ मारून बघण्यात नुकसान काही नाही.

मला खटकतंय ते दुसरंच. उथळपाणी, तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. फॉरवर्ड सुटतो. रिव्हर्स झकास. न्यूट्रलला होडी मागे सरकते. सगळे पहिलीवर बोलतायत, मी तिसरीवर अडकले आहे.

न्यूट्रलला पंखा थोडा फिरणं तसं नवीन नाही. ऑइल गार आणि घट्ट असलं की चाकं शाफ्टला थोडं ओढतात. पण नुसत्या ऑइलच्या ओढीने सहसा होडी सरकायला नको. डॉग झिजले असते तर फॉरवर्ड सुटला असता, न्यूट्रल कशाला बिघडला असता? तुमच्याकडे तिन्ही लक्षणं एकाच बाजूला झुकलेली आहेत. फॉरवर्डला कमी पडतंय, रिव्हर्सला भरपूर मिळतंय, मधलं रिव्हर्सकडे कललंय. म्हणजे दांड्याचा मध्य आणि खालच्या कडीचा मध्य जुळत नाहीये.

गिअरबॉक्स उघडू नका अजून. आधी हे करा. इंजिन बंद. दोन्ही प्लगच्या वायर काढा आणि प्लगही काढा. पंखा हाताने फिरवायचा आहे, जुनं टू-स्ट्रोक अर्ध्या फेऱ्यात खोकतं आणि बोटं जातात. मग एकेक गिअर टाकून पंखा दोन्हीकडे फिरवून बघा आणि नेमकं काय होतं ते लिहा.

उथळपाणी (सोमवार, रात्री ८.४५)
सगळ्यांचे आभार. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. ताई, तुम्ही सांगितलं तसं केलं. वायर काढल्या, प्लगही काढले.

न्यूट्रल: पंखा सरळ फिरवला तर मोकळा. उलटा फिरवला तर टिक्‌ टिक्‌ करत काहीतरी घासल्यासारखं लागतं.
फॉरवर्ड: दांडा पूर्ण टाकला. पंखा फिरवला की धरतो, इंजिनही फिरतं. पण जोरात झटका दिला की खट्‌ करून सुटतो.
रिव्हर्स: आधी लागलाच नाही! घाबरलो. मग पंखा जरा हलवला तर आपोआप आत बसला, एकदम घट्ट.

सुकाणू (सोमवार, रात्री ८.५८)
रिव्हर्सचं ते नॉर्मल आहे. इंजिन बंद असताना खुंटीसमोर खुंटी आली तर कडी आत जाणार कुठून? पंखा हलवत हलवतच टाकायचा असतो. इंजिन बंद ठेवून दांड्यावर ताकद लावू नये, वरचे सांधे वाकतात. निम्मे लोक "गिअर अडकला" म्हणून येतात तो हाच प्रकार असतो.

खोडसाळखोड (सोमवार, रात्री ९.१०)
तुम्ही लोक नशीबवान, तुमच्याकडे सुटायला गिअर तरी आहे. ओले एविनरूडने १९०९ मध्ये आउटबोर्ड विकायला काढलं तेव्हा गिअर बदलणं वगैरे भानगडच नव्हती. इंजिन चालू म्हणजे पंखा चालू. त्यानंतर कित्येक वर्षं मागे जायचं म्हणजे अख्खी मोटर टिलरसकट गर्रकन उलटी फिरवायची. पुढे-न्यूट्रल-मागे असा पूर्ण गिअर १९४९ ला जॉन्सनच्या दहा घोड्यांच्या मोटरवर आला. पेट्रोलची वेगळी टाकीही त्याच मोटरसोबत. त्याआधी टाकी डोक्यावर.

माझ्या आजोबांकडे बिनगिअरचं होतं. धक्क्याला लावायची वेळ आली की लांबूनच इंजिन बंद करायचे आणि उरलेल्या वेगावर आणायचे. अंदाज चुकला की मी पुढे बसून पाय लावायचो. ब्रेक मीच.

चौकस (सोमवार, रात्री ९.१४)
"ब्रेक मीच" 😂 खोडसाळखोड, यावर स्वतंत्र धागा काढा ना.

मंदगती (सोमवार, रात्री ९.४०)
माझा अनुभव. लोक गिअर फार दणकन टाकतात, म्हणून दात तुटतात. मी हळूहळू, प्रेमाने टाकतो. आधी जरा खरखर येऊ द्यायची, मग अलगद आत.

पानाबारा (सोमवार, रात्री ९.४२)
अहो ती खरखर म्हणजे दात तासले जातायत!

मंदगती (सोमवार, रात्री ९.४५)
सात वर्षं असंच चालवतोय, काही झालेलं नाही.

सुकाणू (सोमवार, रात्री १०.०६)
मंदगती, राग मानू नका, पण याबाबतीत पानाबारा बरोबर आहेत. (हे मी दरवेळी म्हणत नाही.) ही सरकवून जुळवायची गाडीतली व्यवस्था नाही. खुंट्या चौकोनी आहेत. चाक फिरतंय, कडी थांबलेली. हळू टाकलं की कोपरा कोपऱ्यावर दहा-वीस वेळा आपटतो, तीच तुमची खरखर. दर आपटीला कोपऱ्याचा कण जातो. एका झटक्यात टाकलं की एकदाच ठोका, आणि आत. खट्‌ आवाज आला पाहिजे, खर्र नाही.

मात्र झटक्यात म्हणजे रेस चढलेली असताना नव्हे. आधी रेस पूर्ण खाली, इंजिन आयडलिंगला बसू द्यायचं, मग दांडा ठाम टाकायचा. साधारण ६०० ते ८०० फेऱ्यांच्या आसपास असावं, नक्की आकडा ज्या त्या मोटरच्या पुस्तकात असतो. आयडलिंगच १२०० ला लावून ठेवलं असेल तर कितीही ठाम टाका, ठोका मोठाच बसणार. जुन्या मोटरी कमी रेसवर बंद पडतात म्हणून लोक स्क्रू पिळून आयडल वाढवतात आणि कार्बोरेटरच्या दुखण्याची शिक्षा गिअरबॉक्सला देतात.

मंदगती (सोमवार, रात्री १०.२०)
हं. माझी बंद पडते म्हणून आयडल वाढवलेलंच आहे. बघतो.

गंजलेलाबोल्ट (मंगळवार, दुपारी १.३०)
उथळपाणी, गिअर ऑइल कधी बघितलं? बघणार असाल तर माझी कहाणी ऐका आणि मग पाना हातात घ्या.

खालच्या बाजूला ऑइल सोडायचा स्क्रू असतो, वर हवेचा. तोपर्यंत ठीक. माझ्या मोटरला खालच्या स्क्रूशेजारी आणखी एक फुलीचा स्क्रू होता. मला वाटलं यातूनही थोडं ऑइल येत असेल, काढून टाकू. काढला. आत कुठेतरी "टक्‌" झालं. अगदी बारीक, चमचा ताटलीत ठेवल्यासारखं. स्क्रू परत लावला, ऑइल भरलं, खुशीत निघालो. दांडा पुढे, मागे, मधे, सगळीकडे लोण्यासारखा. गिअर कुठलाच नाही.

तो ऑइलचा स्क्रू नव्हताच. गिअर सरकवणारी आतली तरफ ज्या खिळ्यावर डुलते, तो खिळा म्हणजेच त्या स्क्रूचं टोक. खिळा काढला, तरफ पडली. चार दिवस गेले.

जॉन्सन-एविनरूडच्या जुन्या बऱ्याच गिअरबॉक्सना ही रचना आहे. फुलीचा स्क्रू दिसला की हात मागे घ्या.

निवांत (मंगळवार, दुपारी १.४१)
"लोण्यासारखा. गिअर कुठलाच नाही." बोल्टभाऊ, काळजाला घरं पडली.

हलकंफुलकं (मंगळवार, दुपारी २.०५)
ऑइलचं निघालंच आहे तर: आधी खालचा स्क्रू काढायचा, मग वरचा. पहिले थेंब नीट बघायचे. दुधासारखं पांढरट आलं तर पाणी शिरलंय, सील बघायचे. नुसतं पाणी आधी गळलं तर जास्तच शिरलंय. भरताना खालच्या भोकातून वर भरत यायचं, वरून ऑइल बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर हवा अडकते. वरचा स्क्रू आधी बंद करायचा, मग नळी काढून खालचा. वायसर नवीन टाकायचे, तिथेच लोक कंजुषी करतात.

उथळपाणी (मंगळवार, रात्री ९.३०)
बोल्टभाऊ, धन्यवाद, मी वाचेपर्यंत हात लावला नव्हता. फुलीचा स्क्रू आमच्याकडे नाहीच, दोन्ही चपट्या खाचेचे आहेत.

ऑइल काढलं. काळपट, पण दुधाळ नाही. खालच्या स्क्रूच्या टोकाला लोहचुंबक आहे, त्यावर राखाडी लगदा. बोटांत चोळला तर पिठासारखा मऊ, पण त्यात दोन चमकते कण लागले. नखाएवढे नाहीत, मोहरीहून लहान.

रेघही मारली होती पंख्यावर, आज चालवून आलो, तुटली नाही. म्हणजे रबर ठीक.

ऑइलमध्ये पाणी कसं नाही याचंच आश्चर्य वाटलं, कारण गेल्या हंगामात पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारी रबरी फिरकी) बदलायला मी खालचं युनिट (गिअरबॉक्स-पंख्याचा भाग) काढलं होतं, तेव्हा वाटलं होतं काहीतरी गडबड करून ठेवली असणार.

भरतीओहोटी (मंगळवार, रात्री ९.३४)
थांबा.

खालचं युनिट तुम्ही काढलं होतं? आणि गिअर कधीपासून सुटतोय?

उथळपाणी (मंगळवार, रात्री ९.५०)
हो, मीच. सुटायला लागला... आता म्हणताय तर त्या हंगामापासूनच. पण इम्पेलर वर पंपात असतो, गिअरचा काय संबंध?

पानाबारा (मंगळवार, रात्री ९.५१)
🤦

सुकाणू (मंगळवार, रात्री ९.५२)
ही गोष्ट पहिल्याच पोस्टमध्ये आली असती तर धागा दहा प्रतिसादांत संपला असता.

निवांत (मंगळवार, रात्री ९.५३)
आणि "ब्रेक मीच" वाचायला मिळालं नसतं. झालं ते बरं झालं.

भरतीओहोटी (मंगळवार, रात्री १०.२५)
संबंध आहे, आणि थेट आहे. खालचं युनिट उतरवायचं तर तीन गोष्टी सुटतात. उभा शाफ्ट नुसता ओढून निघतो, पाण्याची नळी निघते, आणि गिअरची सळई मधे जोडलेली असते ती सोडवावी लागते. वरची सळई दांड्याकडून येते, खालची गिअरबॉक्सकडे जाते. दोन्हींच्या मधला जोड मॉडेलप्रमाणे वेगवेगळा असतो. कुठे दोन पत्र्यांची पकड आणि एक बोल्ट, तो बोल्ट सळईच्या खाचेतच बसला पाहिजे, बाजूला बसून चालत नाही. कुठे लांबट नट, दोन्हीकडून आटे आणि खाली तो फिरू नये म्हणून चेकनट. काही मोटरींना सळई वरखाली होतच नाही, ती स्वतःभोवती फिरते, तिथे ही भानगड नाही पण गिअर ठरावीक जागी ठेवूनच युनिट काढावं-घालावं लागतं.

तुमचा लांबट नटाचा असेल असा माझा अंदाज आहे. काढताना किती आटे होते ते मोजलं होतं का? (नाही, हे मला माहीत आहे. पहिल्यांदा कोणीच मोजत नाही.) परत लावताना नट दोन-चार फेरे कमी-जास्त बसला की सळई तेवढी लांब किंवा आखूड झाली. कडीचा पूर्ण प्रवासच काही मिलिमीटरचा. त्यात दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडला तर एका बाजूला टोकावर धरणार, दुसऱ्या बाजूला पोट भरून. न्यूट्रलला तुम्हाला टिक्‌ टिक्‌ लागली ती रिव्हर्सच्या खुंट्या एकमेकींना निसटत्या शिवत होत्या.

असं करा. प्लग काढलेलेच असू देत. चेकनट सैल करा. दांडा न्यूट्रलच्या खाचेत ठेवा. लांबट नट अर्धा-अर्धा फेरा फिरवत पंखा दोन्हीकडे फिरवून बघत राहा. एका टप्प्यावर टिकटिक थांबेल. तिथेच थांबू नका, फिरवत राहा, मग कधीतरी फॉरवर्डची टिकटिक सुरू होईल. या दोन्हींच्या बरोबर मधोमध आणून ठेवा. नट दोन्ही सळयांवर पुरेसा चढलेला आहे ना ते बघा, टोकाच्या दोन आट्यांवर लोंबकळत ठेवू नका. मग फॉरवर्ड आणि रिव्हर्स दोन्ही पूर्ण बसतात का बघा. तुमच्या मॉडेलचं पुस्तक मिळालं तर त्यातलंच माप धरा, माझी पद्धत पुस्तक नसलेल्यांसाठी आहे.

स्पष्टवक्ता (मंगळवार, रात्री १०.४०)
तेच म्हणत होतो मी. केबल काय, सळई काय, तत्त्व एकच.

निवांत (मंगळवार, रात्री १०.४१)
🙏

उथळपाणी (बुधवार, रात्री १०.१०)
ताई, तुमच्या पायाचे फोटो पाठवा, पूजा करतो.

लांबट नटच निघाला. मोटरच्या पायाच्या पुढच्या बाजूला रबरी बूच आहे, ते काढलं की आत दिसतो. बॅटरी दातात धरून काम केलं. रिव्हर्सची टिकटिक दीड फेऱ्यात थांबली, फॉरवर्डची साडेपाच फेऱ्यांवर सुरू झाली. मधोमध म्हणजे साडेतीन फेरे. एवढा बाहेर होता!

आज पाण्यात नेलं. न्यूट्रलला होडी आहे तिथे. रिव्हर्स खट्‌. फॉरवर्ड खट्‌. पाऊण रेसपर्यंत ओढलं, काही नाही. आनंदाने ओरडलोच.

पण. पूर्ण रेस दिली, होडीत दोघं होतो, तेव्हा अर्ध्या तासात दोनदा सुटला. पूर्वी दर मिनिटाला सुटायचा, आता दोनदाच. चालेल का असं?

पानाबारा (बुधवार, रात्री १०.१३)
लिहून घ्या म्हणालो होतो.

सुकाणू (बुधवार, रात्री १०.३०)
जुळणी चुकीची होती हे खरं, पण त्या चुकीवर एक अख्खा हंगाम चाललात. तेवढ्या काळात फॉरवर्डचे कोपरे टोकावर धरून धरून गोल झाले असणार. चुंबकावरचे ते दोन कण आठवा. आता कडी पूर्ण आत जाते, पण गोल कोपरा पूर्ण जोराला बाहेर ढकलतो. चांगल्या खुंट्यांच्या बाजू किंचित आत कापलेल्या असतात, जोर पडला की त्या एकमेकींना आत ओढतात. तो कापच गेला असेल तर उलटं होतं.

चालेल का विचाराल तर किनाऱ्याजवळ, अर्ध्या रेसवर, वल्ही सोबत ठेवून काही दिवस चालेल. पण प्रत्येक सुटीला आणखी झिजणार आणि ते तुकडे गिअरच्या दातांत फिरणार. डॉगवर भागणारं काम पिनियनपर्यंत नेऊ नका.

उथळपाणी (पुढचा रविवार, सायंकाळी ६.५०)
उघडला. हात काळे आहेत, टायपिंगच्या चुका माफ करा.

पंख्यामागचा बेअरिंगचा गोल निघता निघेना. क्षारांनी धरून ठेवला होता. गरम केलं, थंड होऊ दिलं, परत गरम केलं, मग पुलरने आला. कडीभोवती बारीक स्प्रिंगचं वेटोळं आहे, ते उलगडलं की आडवी पिन निघते आणि कडी हातात येते.

दोन्ही तोंडं शेजारी ठेवून बघितली. रिव्हर्सचं तोंड नव्यासारखं, कोपऱ्यावरून नख फिरवलं तर टोचतं. फॉरवर्डच्या खुंट्या महिनाभर वापरलेल्या साबणासारख्या. चकचकीत, गोल, आणि एकीचा कोपरा तिरका उडालेला. पुढच्या चाकाच्या खुंट्याही तशाच, थोड्या कमी.

कडी उलटी बसवली तर? म्हणजे चांगलं तोंड फॉरवर्डला?

खोडसाळखोड (रविवार, सायंकाळी ७.२०)
आमच्या काळी सर्रास करायचे. दोन्ही तोंडं एकसारखी असतील तर बसते. पण कडीवर कुठे "प्रॉप एंड" असं कोरलंय का बघा. असेल तर ते तोंड पंख्याकडेच हवं, दोन्ही बाजू वेगळ्या कापलेल्या असतात.

सुकाणू (रविवार, सायंकाळी ७.३१)
आणि उलटली तरी समोरचं चाक झिजलेलंच आहे ना. नवा कोपरा गोल कोपऱ्यावर बसवला तर नवाही गोल होतो. कडी आणि पुढचं चाक दोन्ही बदला. चाक बदललं की त्यामागचे शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) मोजायचे आणि पिनियनशी मोकळीक तपासायची, ते अंदाजपंचे करू नका, त्यासाठी कोणा जाणत्याला बसवा. सील आणि ओ-रिंग नवीन, जुने परत घालू नका. इम्पेलरही उघडलाच आहे तर बघून घ्या.

चौकस (रविवार, सायंकाळी ७.४०)
परत जोडताना आटे मोजा बरं का. 😄

उथळपाणी (चारेक आठवड्यांनी, शनिवार, रात्री ८.१५)
शेवटचं कळवायचं राहिलं होतं.

कडी नवी, पुढचं चाक नवं, शिमचं काम जाणत्याकडून करून घेतलं. युनिट मीच चढवलं. शाफ्टच्या खाचांना ग्रीस लावलं, पण वरच्या टोकाला नाही. तिथे ग्रीस साचलं की शाफ्ट पूर्ण वर बसत नाही, हे त्यांनीच सांगितलं. पाण्याची नळी रबरात शिरली का ते आरशाने बघितलं. लांबट नट ताईंच्या पद्धतीने मधोमध आणला आणि सळईवर पांढऱ्या रंगाची खूण केली, पुढच्या वेळी मोजायला नको.

आज दोन तास चालवलं. पूर्ण रेस, तिघं जण, एकदाही सुटला नाही. दांडा टाकताना अजून हात कचरतो, सवयीने हळू जातो, मग मुलगा मागून ओरडतो, "बाबा, खट्‌!"

मंदगती (शनिवार, रात्री ८.३०)
अभिनंदन. मीही कार्बोरेटर साफ करून आयडल खाली आणलं. खरखर बंद. सात वर्षं फुकट प्रेम केलं.

स्पष्टवक्ता (शनिवार, रात्री ८.४१)
मग शेवटी केबल बदलली की नाही?

भरतीओहोटी (शनिवार, रात्री ८.५५)
छान झालं, उथळपाणी. पाण्याची धार नीट येतेय ना? आणि नट मधोमध आणल्यावर चेकनट पान्याने कसला होता ना? हाताने नुसता टेकवून ठेवला तर हादऱ्यांनी लांबट नट फिरतो आणि पहिले पाढे पंचावन्न.

उथळपाणी (शनिवार, रात्री ८.५८)
धार मस्त येतेय.

चेकनट... थांबा, बॅटरी घेऊन बघून येतो.